पत्त्यावर आढळून आली नाही

यवतमाळच्या पोलीस ऑफिसातून फोन आला आणि माझं डोकंच सणकलं. लोहाऱ्याहून मुकुटबनला राहायला आलो, तेव्हा बायकोचा नवा पत्ता मी स्वतः जाऊन कळवला होता. मारिसेल फिलिपिन्सची. परदेशी माणसानं घर बदललं की कळवावंच लागतं. आणि आता म्हणे, चौकशीत ती 'पत्त्यावर आढळून आली नाही'!

मी तडक गावातल्या ठाण्यात गेलो. "जमादार साहेब, तुम्ही घरी आलते तरी का?"

"आलतो ना भाऊ," ते पान चघळत म्हणाले. "आंगणात एक बाई तोंडाले दुपट्टा बांधून सोयाबीन उपणून राह्यली होती. तिले विचारलं, इथं कोणी फॉरेनर राह्यते का? तं चक्क नाही म्हणे. बोलणं अस्सल आपल्या इकडचं, मंग मी काहून शंका घेऊ?"

म्हणजे आईच! पोलीस दिसला की ती दारातूनच कटवते. घरी येऊन मी तिच्यावर उखडलो.

"मले कायले बोलतं?" आई माझ्यावरच खेकसली. "मी तं तवा पुसदले गेलती, तुह्या मावशीकडं."

तेवढ्यात मारिसेल अंगणातून आत आली. केसांत भुसा होता. तोंडावरचा दुपट्टा तिनं खाली ओढला.

"मीच सांगतलं त्याइले," ती म्हणाली. "फॉरेनर राह्यते का म्हणे. मी म्हटलं, नाही बाप्पा, इथं तं आम्हीच राह्यतो."