वेंडेलिन राबचा गिलावा

आमच्या घरावरचा करडा सिमेंटचा गिलावा वेंडेलिन राब यांनी लावला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. एकोणीसशे सहासष्ट साली आमच्याकडे लाकडी चौकटीची घरं म्हणजे गरिबीची खूण वाटायला लागली होती. जो तो ओकच्या तुळया झाकून भिंती सपाट करून घेत होता. माझ्या सासूबाईंनीही करून घेतल्या. राब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि आसपासच्या चार गावांत त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता.

छप्पन्न वर्षांनंतर त्या भिंती आतून ओल्या झाल्या होत्या. निजायच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. एक ठेकेदार येऊन बघून गेला. म्हणाला, "यंत्र लावतो, तीन दिवसांत सगळं खाली." माझा नवरा फोल्कमार इतका खूश झाला की त्याच संध्याकाळी सफरचंदाच्या वाइनचा पेला हातात घेऊन त्याने ही बातमी अख्ख्या गावाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी राब उभे. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर कापडी टोपी, कोटाच्या खिशातून हातोडीचा दांडा डोकावतोय. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटलं असणार.

"इल्का, ऐकलं ते खरं का? गिलावा काढताय?"

"हो राबसाहेब. म्हणजे... तुमचं काम चांगलंच होतं, पण—"

"चांगलं होतं म्हणूनच अजून चिकटून बसलंय. वाईट असतं तर केव्हाच पडलं असतं आणि घर सुखात राहिलं असतं." ते आत आले. "काढा. पण तीन दिवसांत नाही. आधी मला भिंत ऐकू दे."

दोन दिवस ते भिंत ऐकत होते. अक्षरशः. हातोडीने टक् करायचे, डोळे मिटायचे, वीतभर सरकायचे, पुन्हा टक्. पोकळ आवाज आला की खडूने गोल. भरीव आला की रेघ. संशय आला की प्रश्नचिन्ह. वरच्या भागासाठी शिडी चढू नका म्हणून त्यांची सून ट्राउडेल ओरडून दमली. शेवटी वरचं सगळं त्यांनी माळ्यावरून आणि खिडक्यांतून वाकून वाजवलं, आणि ती मागून त्यांचा पट्टा धरून उभी राहिली.

"कमरेत जोर नाही आणि चाललेत सर्कस करायला!" ती म्हणाली.

"तू नीट धर. बोलताना तुझा हात ढिला पडतो."

माळ्यावर त्यांनी तुळयांवर सुताराने कोरलेले जुने आकडे शोधले. त्यावरून कोणता खांब कुठे उतरतो ते मोजलं आणि आमच्याकडे उरलेल्या, भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने सगळं घर काढलं. छप्पन्न वर्षं झाकलेले खांब त्या कागदावर उभे राहिले. मी औषधांच्या दुकानात तीस वर्षं काम करतेय, नेमकेपणा मला ओळखता येतो. इतका नेमका कागद मी क्वचित पाहिला होता.

मग त्यांनी गिलाव्यात तीन ठिकाणी पुस्तकाएवढ्या खिडक्या उघडायला सांगितल्या. यंत्र नाही, छिन्नी. छिन्नी फोल्कमारच्या हातात, राब शेजारी खुर्चीवर. पहिल्या खिडकीत ओक निघाला, लोखंडासारखा. फोल्कमारने शीळ घातली. दुसरीतही तसाच. तिसरी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, जमिनीलगत. तिथे सिमेंटचा तुकडा निघाला आणि मागून ओलसर तपकिरी भुसा भसाभसा बाहेर आला.

फोल्कमारने छिन्नी खाली ठेवली. "पायातली तुळई कुठे आहे?"

"हीच ती," राब म्हणाले.

त्यांनी तो भुसा मुठीत घेतला, चोळला, वास घेतला. "पाणी वरून चिरेतून शिरलं आणि सिमेंटने ते बाहेर पडू दिलं नाही. खांबाचा पायही गेला असणार. आज हा कोपरा कशावर उभा आहे, सांगू? माझ्या गिलाव्यावर. तुमचं ते यंत्र इथे लागलं असतं, तर कोपरा छपरासकट खाली आला असता."

वरच कपाटाची खोली होती. आम्ही रोज तिथेच निजत होतो.

"तुमचा काय दोष, त्या काळी सगळेच तसं करत होते," मी म्हटलं.

"सगळे करत होते, पण या भिंतीवर हात माझा होता." आवाजात रडगाणं नव्हतं, हवामान सांगावं तसं सांगितलं. "अजून एक सांगतो. दर्शनी बाजूला मजल्याच्या तुळयांची टोकं कोरलेली होती. माणसांचे चेहरे होते, आठ. गिलावा सपाट बसावा म्हणून मी ती तासून टाकली. ती आत सापडणार नाहीत, उगीच शोधू नका."

ट्राउडेल नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही हे ठाऊक नसावं.

त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात योजना तयार झाली. आधी कोपऱ्याला आतून-बाहेरून टेकू. मग तिथला गिलावा फक्त खालून, हाताने, वीत वीत काढायचा आणि नवी तुळई तुकड्यातुकड्याने सरकवायची. घर नव्या लाकडावर बसलं की मग बाकीच्या भिंती, वरून खाली. गिलाव्याखालची तारेची जाळी ओढायची नाही, एकेक खिळा कापायचा. मे महिन्यातल्या थंडीच्या संतांचे दिवस, म्हणजे शेवटचं हिंव पडतं ते दिवस, सरल्याशिवाय सुरुवात नाही, आणि सप्टेंबरअखेर तुळयांमधल्या मातीच्या कुडांवर चुन्याचा हात फिरलेला हवा. उत्तरेची भिंत उघडी ठेवायची नाही, तिच्यावर पुन्हा चुन्याचाच गिलावा द्यायचा.

इथे फोल्कमार अडला. त्याला चारही बाजूंनी लाकूड दिसायला हवं होतं. "अर्धवट कशाला, राबसाहेब?"

"तिकडे देवदार आहे, कुठे जळालेला, कुठे तुकडे जोडलेला. जुन्या सुतारांनीच तो झाकला होता, आणि बरोबर केलं होतं. मी सिमेंट लावण्याआधी तिथला चुना मीच खरवडला, म्हणून माहीत आहे. तुला घर हवंय की पोस्टकार्ड?"

फोल्कमार हिरमुसला, पण पेन्सिल घेऊन त्याने स्वतःच उत्तरेच्या भिंतीवर फुली मारली.

वसंतात बीर्गिट नावाची सुतारीण कामाला आली. तिने तो कागद टेबलावर पसरला, बराच वेळ वाचला आणि विचारलं, "हा इंजिनिअर कुठला?" मी खिडकीतून बोट दाखवलं. राब बाहेर वाफ्याच्या कडेवर बसून सँडविच खात होते.

कोपरा केसभरही हलला नाही. खांबाचा पाय हाताने उकरून काढावा इतका मऊ निघाला, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसा. ऑगस्टमध्ये दर्शनी बाजू उघडी पडली. तुळयांची आठ टोकं सपाट होती, तासणीचे घाव अजून दिसत होते. नवे चेहरे कोरून बसवते, असं बीर्गिट म्हणाली. राब म्हणाले, "बसव. पण जुन्यांची नक्कल नको. ते मला आठवत नाहीत, आणि आठवतात असं सांगून तुला फसवणार नाही."

मला वाटलं, इथे त्यांचं काम संपलं. ऑक्टोबरमध्ये ट्राउडेल दुकानात औषध घ्यायला आली तेव्हा कळलं, की गावात त्यांनी गिलावा लावलेली आणखी दहा घरं आहेत आणि ते एकेका घराची बेल वाजवत सुटलेत. दोन घरांनी दार लावून घेतलं. एकाने म्हातारा चळला म्हणून ट्राउडेलला फोन केला. पाच घरांनी आत बोलावलं.

"तू त्यांना थांबवत का नाहीस?" मी विचारलं.

"थांबवू? त्यांना गाडीतून मीच फिरवते," ती म्हणाली. "आज पुलाजवळचं घर आहे. त्यांना तिथेच सोडून आलेय. लवकर दे, नाहीतर एकटेच माळ्यावर चढतील."