सहाव्या गाण्याआधीचे सात सेकंद

“मग तिथे टेपच लावू,” गिटारची तार पिळता पिळता नारुसे म्हणाला. “रेकॉर्डवरचा तेवढा आवाज कापून घ्यायचा. पायाने बटण दाबलं की झालं काम.”

बेस गिटारचा पट्टा खांद्यावर नीटच होता, तरी कुरामोची तो पुन्हा नीट करत राहिला. सरावाची खोली तासाच्या भाड्याची, त्यामुळे अशा गप्प बसण्याचा नारुसेला नेहमी राग यायचा. पण आज तोही जपून बोलत होता.

नारुसे दातांचा डॉक्टर. ड्रम वाजवणारा सोमेया टोफूच्या दुकानाचा मालक. आणि तात्सुओ कुरामोची नागोयाच्या पाणीपुरवठा खात्यात सदतीस वर्षं दारोदार फिरून मीटर वाचून निवृत्त झालेला. पस्तीस वर्षांपूर्वी या तिघांनी मिळून ‘नागोया फेरी’ काढली. ‘ग्रे फेरी’ नावाचा तिघांचा इंग्लिश रॉक बँड सत्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात नागोयात एकदाच वाजवून गेला होता, आणि त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली होती. पुढच्याच वर्षी तो बँड मोडला. नागोया फेरी दर नोव्हेंबरात तोच कार्यक्रम, त्याच क्रमाने, जसाच्या तसा वाजवायची. मूळ गायकाने दोन ठिकाणी घसा खाकरला होता. नारुसेही त्याच दोन ठिकाणी खाकरायचा, घसा अगदी स्वच्छ असला तरी.

ऐकायला येणारे साठसत्तर लोक ठरलेले. सगळ्यांना रेकॉर्ड तोंडपाठ. त्यांच्यातले योनेकुरा नावाचे म्हातारे न्हावी तर छोटी वही घेऊन बसायचे आणि कुठे काय चुकलं ते पेन्सिलीने टिपून कार्यक्रमानंतर दाराशी वाकून सांगायचे. दुसऱ्या गाण्यात झांज अंमळ उशिरा वाजली. चौथ्यात टाळ्या संपायच्या आत गाणं सुरू झालं. सोमेया त्यांना ‘सासूबाई’ म्हणायचा, अर्थात ते ऐकणार नाहीत इतक्या लांबून.

सगळे वाट बघायचे ती जागा मात्र पाचव्या आणि सहाव्या गाण्याच्या मधली. रेकॉर्डवर तिथे सात सेकंद शांतता आहे. तिच्या चौथ्या सेकंदाला प्रेक्षकांतून एक मुलगी जपानीत ओरडते, “बेस ऐकू येत नाहीये.” त्या काळी नागोयात लोक रॉक ऐकायलाही शाळेत बसल्यासारखे बसत, तिथे ही पोरगी ओरडली. इंग्लिश बेसवाल्याला शब्द कळले नसणार, पण तो हसला, आणि त्या हसण्याच्या नादात अर्धा ठेका आधीच, भलत्याच सुरावर वाजवून बसला. ड्रमवाला अडखळला, गिटारवाला धावत मागे आला, आणि गाणं एकदाचं मार्गी लागलं. ही चूक बरोबर करायला कुरामोचीला तीन आठवडे लागले होते. मीटरवर दिसतो तोच आकडा लिहायचा, मनाचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

आणि दर वर्षी त्या चौथ्या सेकंदाला हॉलमधून ओरडायची ती कुरामोचीची बायको, मिचियो. खांबाशेजारी उभी राहायची, ओरडायची, लोक गालात हसायचे, की इकडे कुरामोची चुकायचा. यंदा मार्चमध्ये मिचियो गेली.

“टेप नको,” शेवटी कुरामोची म्हणाला.

“बरं, नको. मग माझ्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आहे. आवाज चांगला आहे. मी तीनदा म्हणवून घेतलंय तिच्याकडून.”

“पेशंट तोंड उघडून बसलाय आणि ही ओरडतेय, बेस ऐकू येत नाही,” सोमेया म्हणाला. एरवी तिघंही हसले असते.

“रिकामं ठेवू,” कुरामोची म्हणाला.

नारुसेने गिटार मांडीवर आडवी ठेवली. रिकामं ठेवलं तर लोकांना वाटेल आपण विसरलो, हे त्याने समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं. मग त्याने मान हलवली. “ठीक आहे, तुझी इच्छा. पण चूक हवी. आरोळी असो वा नसो, चूक झालीच पाहिजे. ती गेली तर आपल्याकडे उरलं काय?”

“होईल चूक,” कुरामोचीने शब्द दिला.

टेप का नको, ते त्याच्या अगदी तोंडाशी आलं होतं. रेकॉर्डवरची ती मुलगी मिचियोच होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, शिवणाच्या क्लासला जाते असं वडिलांना सांगून आली होती. चार रांगा मागे एकवीस वर्षांचा कुरामोची बसला होता, स्वतः बेस शिकणारा. बेस ऐकू न आल्याची तक्रार करणारं माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कार्यक्रम सुटल्यावर तो तिच्या मागे मागे स्टेशनपर्यंत गेला आणि तिथे धीर करून म्हणाला की मीही बेस वाजवतो. ती म्हणाली, मग जरा मोठ्याने वाजवत जा.

रेकॉर्ड निघाली तेव्हा वडिलांच्या धाकाने ती गप्प राहिली. पुढे वडील गेले, तरी गुपित तसंच राहिलं, कारण त्यात तिला मौज वाटू लागली होती. एका वर्षी योनेकुरांनी वहीत लिहिलं की ओरडणाऱ्या बाईंचा आवाज घोगरा आहे, मुळाशी जुळत नाही. मिचियो हे आठवून आठवडाभर हसत होती. भांडी घासतानाही मध्येच थांबून म्हणायची, “अहो, मी माझ्याशीच जुळत नाही म्हणे.”

पण एकदा, पाचसहा वर्षांपूर्वी, कार्यक्रमाहून परतताना बसमध्ये ती वेगळंच बोलली होती.

“तुम्ही इतकं हुबेहूब वाजवता, तरी तसं का वाटत नाही, सांगू? त्या दिवशी पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा. मी ओरडेन हे मला कुठे ठाऊक होतं? आता सगळ्यांना सगळं पाठ असतं. मीसुद्धा स्वतःची नक्कलच करते.”

“मग येतेस कशाला दर वर्षी?”

“मी नाही ओरडले तर तुम्ही चुकणार कसे?” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. कुरामोचीला तेव्हा राग आला होता. तीस वर्षांची मेहनत बायकोने एका वाक्यात निकालात काढली, असं वाटलं होतं. त्यावर तो दोन दिवस धुसफुसत होता. आता ते दोन दिवस त्याला परत हवे होते.

मार्चपासून त्याने ती रेकॉर्ड लावली नव्हती. लोक गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. त्याच्या बायकोचा आवाज दुकानांतून विकला गेला होता, कुठल्या कुठल्या देशांतल्या कपाटांत पडून होता, आणि त्यालाच तो ऐकण्याची हिंमत होत नव्हती. घर इतकं गप्प झालं होतं की कधी कधी दुपारी दुकानात “पिशवी नको” म्हणताना दिवसातला पहिला शब्द तोंडातून निघायचा. मीटर वाचायला जायचा तेव्हा शंभर दारांशी नमस्कार व्हायचे. आता स्वतःच्या घरी मीटर बघायला कुणी आलं की तो मुद्दाम बाहेर येऊन उभा राहायचा. पाण्याचा आकडा निम्म्यावर आला होता.

कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला होता. श्रोत्यांचे गुडघे दुखू लागल्यापासून संध्याकाळचे कार्यक्रम बंद झाले होते आणि मागे घडीच्या खुर्च्याही आल्या होत्या. इमाइके भागातला तळघरातला हॉल नेहमीसारखा भरला. खांबाशेजारची जागा तेवढी मोकळी होती. कुणी मुद्दाम सोडली होती असं नाही. ती बाई येईल म्हणून लोक सवयीने तिथे उभे राहिले नव्हते. ती गेल्याचं बँडबाहेर कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे कुरामोचीच्या त्या क्षणी लक्षात आलं. सगळे तिची वाट बघणार होते.

पहिली चार गाणी रेघ मारल्यासारखी झाली. पाचव्यात नारुसेने दुसऱ्यांदा घसा खाकरला. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या आणि थांबल्या.

एक. दोन. कुरामोची मनात मोजत होता. तीन. पुढच्या रांगेतल्या दोघांनी आधीच चेहरे हसरे करून ठेवले होते. चार.

कुणीच ओरडलं नाही.

पाच. एकदोन माना खांबाकडे वळल्या. योनेकुरांची पेन्सिल वहीवर थबकली. आता बोट चुकीच्या पट्टीवर न्यायचं होतं. पस्तीस वर्षांची सवय, बोट आपोआप जायला हवं होतं. पण ते हलेना. बेसवाला हसला म्हणून चुकला होता, ती ओरडली म्हणून हसला होता. ती नाही, तर कशावर चुकायचं? दिलेला शब्द त्याला आठवत होता, तरी बोट हलेना. सहा. सात.

सात पुरे झाल्यावर त्याने नेमक्या ठेक्यावर, नेमका सूर वाजवला. त्या गाण्याची सुरुवात नागोयात पहिल्यांदाच बरोबर वाजत होती.

सोमेया मात्र सवयीने अडखळला. अडखळायला कारणच नव्हतं, त्यामुळे तो खरोखरचा अडखळला आणि पुरता घसरला. मूळ चुकीला गाठायला धावण्याची नारुसेला सवय, तो धावला तो एकटाच पुढे निघून गेला. तिघं तीन दिशांना. नारुसेने गर्रकन मागे वळून पाहिलं, आणि कुरामोचीने वर पाहिलं. इतक्या वर्षांत वाजवताना त्यांनी एकमेकांकडे कधी पाहिलंच नव्हतं, कारण तशी गरज पडली नव्हती. पुढे काय होणार हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. कुरामोचीने मान डोलवत तोच सूर पुन्हा वाजवला, जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. त्या सुराला धरून आधी ड्रम आला, मग गिटार आली. नारुसे गाऊ लागला तेव्हा त्याचा आवाज कापत होता आणि तो मूळ गायकासारखा अजिबात लागत नव्हता. पुढच्या रांगेतले लोक नकळत उठून उभे राहिले.

कुरामोचीला वाटलं, हेच. हेच ती म्हणत होती. त्याने खांबाकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

कार्यक्रमानंतर नारुसेने कुरामोचीची पाठ थोपटली आणि तो वायरी गुंडाळायला लागला. दाराशी योनेकुरा वही घेऊन उभे होते. ते नेहमीसारखे वाकले.

“सहाव्या गाण्यात बेस बरोबर वाजला,” ते म्हणाले.

“हो. चुकलंच माझं. माफ करा.”

“आणि त्या बाई आज आल्या नाहीत.”

“ती माझी बायको. मार्चमध्ये गेली.”

योनेकुरा पुन्हा वाकले, यावेळी बराच वेळ. मग म्हणाले की फार वाईट झालं, वेळेच्या त्या पक्क्या होत्या, चौथा सेकंद त्यांचा कधी हुकला नाही. आवाज तेवढा जरा घोगरा होता, पण ते असू दे.

“योनेकुरा-सान, तो आवाज तिचाच होता,” कुरामोची म्हणाला. “रेकॉर्डवरचा. सत्याहत्तरचा.”

सत्तेचाळीस वर्षं सांभाळलेलं गुपित बोलायला दोन श्वाससुद्धा लागले नाहीत. योनेकुरांनी वहीची पानं मागे उलटली, बोटाला थुंकी लावत बरीच मागे गेले, आणि एका पानावर थांबले. वही भिंतीला टेकवून त्यांनी तिथल्या एका ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. आजचं पान त्यांनी कोरंच ठेवलं होतं.

कुरामोची घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. त्याने बेस भिंतीशी उभा केला, कोट न काढताच कपाटातून रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली आणि दुसरी बाजू वर करून लावली. पाचवं गाणं तो उभ्यानेच ऐकत होता. टाळ्या संपल्या. चौथ्या सेकंदाला एकोणीस वर्षांची मिचियो त्या रिकाम्या खोलीत ओरडली की बेस ऐकू येत नाहीये.

“हो गं,” कुरामोची म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने प्लेयरवरचं बेसचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं.