ब्रँच नंतर बदलू

आधी आत शिरायचं, मग हवी ती खुर्ची पकडायची, हे सुचेता सबनीसचं आयुष्याचं तंत्र होतं. ते एकदा फळलेलं असल्यामुळे त्यावर तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. बारावीला मार्क कमी पडले तेव्हा तिने पुण्याच्या मोठ्या इंजिनियरिंग कॉलेजात मेटलर्जीला, म्हणजे धातुशास्त्राला, नाव घातलं. कुणालाच नको असलेली ब्रँच. पहिल्या वर्षी जीव तोडून अभ्यास केला, वर्गात तिसरी आली आणि ब्रँच बदलून कम्प्युटरला गेली. त्या डिग्रीवर नोकरी मिळाली, नोकरीवर व्हिसा आणि पुढे परदेशात, वॉटफर्डमधलं तीन बेडरूमचं घर. नातेवाइकांत कुणाच्याही मुलाची बारावी झाली की सुचेताला फोन यायचा, आणि सुचेता सगळ्यांना एकच सांगायची: कॉलेज बघ, ब्रँच नंतर बदलू.

आता पाळी तिच्या स्वतःच्या मुलीची होती.

सतरा वर्षांच्या आर्याला कम्प्युटर सायन्सच करायचं होतं. हे काही आई-बापांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. तिने तिच्या स्विमिंग क्लबसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता, कोण कुठल्या लेनमध्ये, कोणाची वेळ किती, शर्यती कशा लावायच्या ते ठरवणारा. क्लबचे म्हातारे कोच आधी वही घेऊन काठाकाठाने पळायचे, ते आता खुर्चीत बसून चहा प्यायचे. आर्याला त्याचा अभिमान होता. फक्त तो आईसमोर बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण लगेच आईचा सल्ला सुरू व्हायचा.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सुचेताने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ज्या जुन्या, मोठ्या विद्यापीठाचं नाव घेतल्यावर भारतातले काकाही सरसावून बसतात, त्याचे आकडे तिने एक्सेलमध्ये भरले होते. तिथला अर्ज बाकीच्यांच्या तीन महिने आधी, पंधरा ऑक्टोबरलाच बंद व्हायचा.

"हे बघ. कम्प्युटर सायन्स, एका सीटला पंधरा जण. मटेरियल्स सायन्स, म्हणजे आमची मेटलर्जीच, एका सीटला चार. युनिव्हर्सिटी तीच, डिग्रीवर नाव तेच. आता तूच सांग."

"पण मला मटेरियल्स करायचंच नाहीये."

"तुला कोण करायला सांगतंय? फक्त फर्स्ट इयर. मग स्विच."

"आई, इकडे असा नसतो. इकडे तू कोर्सला अप्लाय करते, युनिव्हर्सिटीला नाही. मिसेस हॉलंड म्हणाली."

"म्हणाल्या," सुचेताने सुधारलं. "आणि त्यांना काय कळतंय? त्यांनी कधी ब्रँच बदललीय?"

मिसेस हॉलंड शाळेत वीस वर्षं मुलांचे अर्ज तपासत होत्या, पण ते सुचेताच्या लेखी जमेस धरण्यासारखं नव्हतं. परीक्षित, म्हणजे सुचेताचा नवरा, सिंकपाशी भांडी लावत होता. तो हळूच म्हणाला, "तिला हवं ते टाकू दे ना."

"तू मधे पडू नकोस. तुला सगळं पहिल्या फटक्यात मिळालं होतं."

परीक्षितने रिसायकलिंगची पेटी उचलली आणि तो बाहेर गेला. पेटी अर्धीही भरली नव्हती.

शेवटी ठरलं ते असं: त्या मोठ्या विद्यापीठात मटेरियल्स, आणि उरलेल्या चार ठिकाणी कम्प्युटर सायन्स. सुचेताला वाटलं, मुलीच्या मनासारखंही झालं आणि आपल्याही. चार ठिकाणी तिचं ऐकलं होतं, एका ठिकाणी आपलं. यात तक्रारीला जागा कुठे होती?

जागा होती. अर्जात मुलांनी स्वतःबद्दल जे लिहायचं असतं, ते एकच असतं आणि पाचही विद्यापीठांना जसंच्या तसं जातं. आर्याने क्लबच्या प्रोग्रॅमवर मनापासून लिहिलं होतं. आता त्यात मटेरियल्स घुसवायचं होतं. तिने जे घुसवलं त्याची सुरुवात "धातू आपल्याभोवती सगळीकडे असतात" अशी होती, आणि पुढेही त्याहून बरं काही नव्हतं.

"हे वाचून कुणी दारात तरी उभं करेल का?" सुचेता म्हणाली. शाळेने दिलेल्या मुदतीला दोन दिवस उरले होते. "आण इकडे."

आर्याने लॅपटॉप सरकवला. तिचा चेहरा पडला होता. सांगून दमली होती ती.

सुचेता लिहायला बसली ती अर्ध्या तासात उठेन म्हणून, आणि दुपार कशी गेली ते तिचं तिला कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेले असताना तिने आर्याला आपली जुनी लॅब दाखवली होती. आर्याने मायक्रोस्कोपमध्ये मिनिटभर डोकावून वडापाव कुठे मिळेल ते विचारलं होतं. सुचेताने त्या मिनिटावर दोन परिच्छेद लिहिले. पोलादाचा तुकडा आधी जाड मग बारीक पॉलिश पेपरवर घासायचा, दर वेळी काटकोनात फिरवून, आदल्या कागदाचे ओरखडे जाईपर्यंत. मग अ‍ॅसिडचा थेंब. मग भिंगाखाली त्या चकचकीत, मख्ख तुकड्याच्या पोटातले दाणे दिसायला लागतात, आणि तो कसा तापवला, कसा थंड केला, सगळं तो आपणहून सांगतो. चार हजार अक्षरांच्या मर्यादेत ते बसेना, तेव्हा तिने क्लबचा भाग कापत कापत तीन ओळींवर आणला.

"स्विमिंग कुठे गेला?" आर्याने विचारलं.

"आहे ना, खाली. कम्प्युटरवाले हुशार असतात, त्यांना तीन ओळी पुरतात."

अर्ज गेला. डिसेंबरात मोठ्या विद्यापीठाची मुलाखत ऑनलाइन झाली. गणितं आणि फिजिक्सचे प्रश्न होते, ते आर्याने सोडवले, कारण पोरगी मुळात हुशार होतीच. जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, ऑफर आली.

सुचेताचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. वॉटफर्डच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू त्याच शनिवारी होतं. तिळगूळ घेताघेता बायकांनी तिला घेरलं, आणि त्यातल्या उल्काने विचारलं, "कशाला मिळाली गं?"

"मिळाली ना? कशाला ते नंतर," सुचेता म्हणाली आणि हसली.

घरी येऊन तिने विद्यापीठाला नम्र शब्दांत ईमेल लिहिली: पहिल्या वर्षाच्या मार्कांवर ब्रँच बदलण्याची प्रक्रिया काय? दोन दिवसांनी सहा ओळींचं उत्तर आलं. अशी प्रक्रिया नाही. दुसरा विषय हवा असल्यास विद्यार्थ्याने नव्याने अर्ज करावा, त्याचा विचार बाकीच्या नव्या अर्जदारांबरोबरच होईल. पहिल्या वर्षाच्या मार्कांचा संबंध नाही.

सुचेताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा काय कारभार! हुशार मुलीने वर्षभर राबून दाखवलं तरी हे तिला दुसऱ्या खोलीत बसू देणार नाहीत? तिने परीक्षितसमोर विद्यापीठाचा उद्धार केला, मग इथल्या अख्ख्या पद्धतीचा, मग सतराव्या वर्षी पोरांना कायमचं ठरवायला लावणाऱ्या या देशाचा. आणि मग तरातरा आर्याच्या खोलीत गेली.

"त्यांच्याकडे बदलताच येत नाही म्हणे!"

"मला माहितेय," आर्या म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली. थ्री टाइम्स. तू म्हणाली, त्यांना काय कळतंय."

सुचेताने तिच्या टेबलावरची पुस्तकं उगाचच सरळ लावली. "ठीक आहे," ती म्हणाली. "अजून चार आहेत. चारही तुझ्याच आवडीचे."

त्या चारांपैकी तिघांचे नकार मार्चच्या मध्यापर्यंत आले. पहिल्यात कारण नव्हतं. दुसऱ्यात चुरस फार असल्याचं लिहिलं होतं. तिसऱ्याने स्पष्टच म्हटलं होतं की अर्जदाराचा ओढा कम्प्युटर सायन्सकडे असल्याचं लिखाणातून दिसत नाही. सुचेताने ती ओळ चार वेळा वाचली. जी मुलगी दोन वर्षं स्विमिंग पूलच्या काठावर लॅपटॉप घेऊन बसली, तिचा ओढा दिसत नाही! कुणाला तरी धरून हलवावं असं तिला वाटत होतं, पण ज्याला धरायचं तो माणूस सापडत नव्हता. आणि सापडलाच तर तो कोण असेल, ते तिला आतून कळायला लागलं होतं.

पाचवं उत्तर उत्तरेकडच्या एका विद्यापीठाचं. ते एका शनिवारी दुपारी आलं. आर्या आपल्या खोलीतून लॅपटॉप घेऊन खाली आली, टेबलावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

"ऑफर आहे," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत नव्हते?" सुचेता धावत आली. "कम्प्युटर सायन्स?"

"वाच."

कम्प्युटर सायन्सच्या जागा भरल्या आहेत, असं पत्रात होतं. मात्र तुमचा अर्ज आम्ही आमच्या मटेरियल्स विभागाला दाखवला. प्रयोगशाळेतल्या अनुभवाबद्दल तुम्ही इतक्या जिव्हाळ्याने लिहिलं आहे की असं लिखाण वर्षातून एखादंच हाती येतं. म्हणून त्या विषयात तुम्हाला जागा देताना आम्हाला आनंद होत आहे.

सुचेताने खुर्ची ओढली आणि बसली. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन मधूनच बंद पडून पुन्हा चालू होत होतं.

"मी दोन्ही डिक्लाइन करते," आर्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नेक्स्ट ऑक्टोबर परत अप्लाय करते. माझं मी लिहिते."

"अगं, वर्ष फुकट घालवणार? दोन दोन ऑफर हातात असताना?" बोलायचं नाही असं सुचेताने ठरवलं होतं, तरी तोंडातून निघून गेलंच. "निदान एक तरी ठेव. जाऊन तर बघ. कदाचित आवडेलही. तो विषय वाटतो तेवढा वाईट नाही, आम्ही उगाच त्याला भंगार म्हणायचो. खरं तर पहिल्या वर्षी मला..."

ती थांबली.

आर्या तिच्याकडे बघत होती. इतका वेळ दाबून ठेवलेला राग तिच्या डोळ्यांत भरून आला होता, आणि पाणीही.

"मग तू जा ना, आई," ती म्हणाली. "त्यांना तूच आवडली आहेस. दोघांनापण."

ती जिना चढून वर गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

सुचेता पत्रासमोर बसून राहिली. मुलीचं वर्ष आपण घालवलं, हे तिला आता कुणी समजावून सांगायला नको होतं. तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, आणि तो मिटण्याआधी तिने ती जिव्हाळ्याची ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा. लाज वाटावी अशी गोष्ट होती, पण क्षणभर तिला खरंच जावंसं वाटलं.