वाणात आलेली बाटली

मी मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. अंगावर अजून हळदीकुंकवाची बोटं आहेत, तेवढाच काय तो माझा मान.

माकणीच्या राजनंदिनीनं यंदा संक्रांतीला प्लास्टिकचे डबे सोडून बायांना आरोग्याचं वाण द्यायचं ठरवलं. लोहाऱ्याचा औषधवाला म्हणाला होता, "ताई, हे मॅग्नेशियम ऑक्साईड हाय, पोट ढिलं करतंय. ग्लायसिनेट म्हणून दुसरा प्रकार येतो, तो पोटाला सोपा. अन् कुठलंबी असो, सगळ्यांनाच चालतंय असं न्हाय." पण दुकानात एकसारख्या तीस बाटल्या माझ्याच जातीच्या होत्या. मी भाव खात पिशवीत बसले.

हळदीकुंकवाला आलेल्या कडूबाईंनी मला कपाळाला लावून घेतलं. त्यांची किडनी कमजोर होती. विचारल्याशिवाय कसलंच औषध घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझ्या पाठीवरही तेच लिहिलंय, बारीक इंग्रजीत. ते कोण वाचणार? आणि वाणाला नाही कोण म्हणणार?

त्या रोज दोन गोळ्या घ्यायच्या. पायात गोळे यायचे थांबले. नवऱ्याला, बिभीषणरावांना त्या म्हणाल्या, "गुण आला बघा. लई झोप लागतीय." मी फुशारले. कमजोर किडनीला मला बाहेर टाकता येत नव्हतं. मी त्यांच्या अंगात साठत होते आणि ती झोप त्याचीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

मग जुलाब लागले, हातपाय गळाले. दवाखान्यात मी त्यांच्या उशाच्या पिशवीतच होते. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे का?"

"न्हाय, डॉक्टरसाहेब."

कडूबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी मी औषध नव्हतेच, वाण होते. मला तेव्हा ओरडायचं होतं हो! दुसऱ्या दिवशी नर्सनं पिशवी उपसली, मी सापडले, डॉक्टरांनी धावपळ केली. संध्याकाळी कडूबाई गेल्या.

माझं एवढंच ऐका. मला घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि घेत असाल तर त्यांच्यापासून लपवू नका, मग मी कुठूनही आलेली असो.

सध्या मी बिभीषणरावांच्या खिशात असते. रडून डोळे सुजलेल्या राजनंदिनीला सोबत घेऊन ते घरोघर बाटल्या परत मागतात. काल वाण घेतलेली शिवकन्या दारातच अडून म्हणाली, "दादा, वाण कुणी परत देतं व्हय?"

त्यांनी मला तिच्यापुढं धरलं.

"दे, बाई. माझ्या घरात आता वाण घ्यायला कुणी न्हाय."