अक्षयाच्या टेबलावरचा जुना कंट्रोलर

मित्रांनो, मी व्हिडिओ गेम खेळायचा एक जुना कंट्रोलर आहे. मुक्काम कणकवली. जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण माझा संसार थाटला तो अक्षयाच्या टेबलावर. अक्षया नवे गेम खेळून पाहते आणि ते कसे आहेत हे एका मराठी संकेतस्थळावर लिहिते. तिच्या अंगठ्यांनी माझा रंग पार गेला आहे. त्याचं मला दुःख नाही, उलट थोडी मिजासच आहे.

यंदा मे महिन्यात तिचे लेख वाचणाऱ्या देवगडच्या शाळकरी तन्वीने तिला विचारलं, "ताई, तो गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम माझ्या जुन्या मशीनवर चालेल ना? बाबा सुट्टीत एकच गेम घेऊन देणार आहेत."

त्याच सुमारास तोच गेम बनवणाऱ्या कंपनीतून सुशांत नावाच्या माणसाने एक मोठं खोकं पाठवलं. आत नवंकोरं मशीन, चकचकीत कंट्रोलर आणि चिठ्ठी : 'ठेवून घ्या, भेट आहे.' माझी रवानगी कपाटात झाली. नव्या मशीनवर गेम सुसाट पळत होता आणि अक्षया खुशीत त्याचं कौतुक लिहीत होती. आत बसून मला फार रडू आलं.

तेवढ्यात तिची आई, रुक्मिणीकाकू, आंबे घेऊन आल्या.

"गो अक्षया, त्या झिलान, सुशांतान, एवढा धाडल्यान. आपणय कायतरी धाडूक होया. कोणाचो खोको रिकामो धाडू नये."

अक्षयाचा हात थांबला. "आये, तेंका आंबे नको. तेंका माझ्याकडसून कौतुक होया."

तिने मला बाहेर काढलं, पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं आणि तन्वीकडे आहे तसल्याच आपल्या जुन्या मशीनला जोडलं. गेम पहिल्याच वळणावर अडकला. पुन्हा लावला, पुन्हा अडकला. "नको घेऊ गं," असं तिने तन्वीला कळवलं आणि लेखातही तेच लिहिलं. भेट परत गेली. खोक्यात रुक्मिणीकाकूंनी गुपचूप आंबे ठेवलेच, त्यांना काही राहवलं नाही.

आता ती कंपनी अक्षयाला गेम आधी देत नाही. सगळ्यांचं लिहून झाल्यावर तिचा लेख येतो, वाचणारेही कमी झालेत. कधीकधी ती उदास होऊन मला नुसती हातात धरून बसते. तेव्हा मला तिची फार माया येते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. पण मी उद्या बिघडलो, तर कुडाळच्या बाजारात दुरुस्त तरी होईन. तन्वीचा अक्षयावरचा विश्वास कुठल्या दुकानात दुरुस्त झाला असता?