कोणाचं दार वाजवाल?

“लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच,” मावशी म्हणाल्या आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

वही घेऊन समोर बसलेल्या संशोधिकेने मान डोलावून ते लिहायला घेतलं आणि तिचा हात थबकला. इथे कधीपासून राहता, हे तिने अजून विचारलंच नव्हतं.

“घरात मी एकटी. मुलगा बाहेरगावी नोकरीला. पाणी आधी विहिरीचं होतं, आता टँकरचं. खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे.”

पुढच्या प्रश्नांची उत्तरं होती ती, आणि क्रमही तोच. ती हसली.

“मावशी, प्रश्नपत्रिका फुटलेली दिसतेय!”

मावशी हसल्या नाहीत. “पेपर तोच आहे ना? मग उगाच तुमचा वेळ कशाला घालवायचा?”

सकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्यानेही असंच घडाघडा सांगितलं होतं. माणूस बोलका आहे, असं समजून तिने ते सोडून दिलं होतं. आता तिला स्वयंपाकघरातला गारवा जाणवला. खिडकीतून समोरची घरं दिसत होती. मधलीच काही बंद होती. पडदे नीट ओढलेले, दारापुढे पायपुसणी जागच्या जागी, आणि त्यांच्यावर राखेचा एकसारखा करडा थर. त्या थरावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

राख वसाहतीमागच्या तलावातून यायची. वीज केंद्राला जळलेल्या कोळशाची राख साठवायला तो तलाव करायचा होता, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला होता. मग एकाच मोसमात तो विरोध विरून गेला. लाठी नाही, अटक नाही. तिचा पीएच.डी.चा विषय तोच होता. पदवी पर्यावरणाची, एम.ए. राज्यशास्त्रात आणि आता समाजशास्त्र. धड एका जागी टिकत नाही, असं घरचे म्हणायचे. तिला मात्र वाटायचं, आपण पहिल्यापासून एकच गोष्ट शोधतोय: माणसं एकमेकांना धरून कशी राहतात.

“आता तुम्ही पेन खाली ठेवाल,” मावशी म्हणाल्या.

पेन टेबलापासून बोटभर वर होतं. ते तिथेच राहिलं.

“आणि विचाराल, घरात अचानक काही झालं, तर सगळ्यात आधी कोणाचं दार वाजवाल?”

बाकीचे प्रश्न कुठल्याही सर्वेक्षणात सापडले असते. हा मात्र तिचा स्वतःचा होता. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने तो घडवला होता. ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यांनीच वस्ती बांधून ठेवलेली असते, असं तिने त्यात दाखवलं होतं. शेवटी टीपही दिली होती: हा प्रश्न विचारताना पेन खाली ठेवावं, माणूस मोकळं बोलतो. प्रबंधाचं कौतुक झालं, तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढला आणि कोणालाही वाचता येऊ लागला.

“मावशी, हे आधी कोणी विचारलं?”

“तलावाची गडबड चालू होती तेव्हा एक बाई आल्या होत्या. विद्यापीठातून आलेय म्हणाल्या. तुमच्यासारख्याच, नीट ऐकून घेणाऱ्या. घरोघर फिरल्या. आम्हीही भोळेपणानं सांगितलं. कोणी नर्सबाईंचं नाव घेतलं, कोणी हेडमास्तरांचं. मी माझ्या धाकट्या जावेचं.” त्यांनी सुरीच्या टोकाने समोरचं बंद दार दाखवलं.

“मग?”

“मग काय? नर्सबाईंची मोठ्या इस्पितळात बदली झाली. हेडमास्तरांना कुठल्याशा संस्थेनं बोलावून घेतलं. माझ्या दिराला परदेशात काम लागलं, जाऊही गेली. धमकी नाही, काही नाही. सगळ्यांचं भलंच झालं बघा.” मावशींनी पुढचा बटाटा उचलला, पण सोलला नाही. “तलावाच्या जनसुनावणीच्या दिवशी कोणाला आधी हाक मारायची, तेच कोणाला कळेना. जो तो दारात उभा राहून दुसऱ्याची वाट बघत होता. कधीकधी वाटतं, मी तिचं नाव घेतलं नसतं तर?”

“तो प्रश्न माझा आहे, मावशी.” ती पुढे झुकली. “त्या बाईंनी माझाच वापरला.”

मावशींना त्याचा अर्थ वेगळाच लागला.

“तुमचाच आहे, तर विचारा की. मी कुठे नाही म्हणतेय?”

मग तिने विचारलं. पेन अजून हातातच होतं.

मावशींनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे.

“आता इथे कोण उरलंय, पोरी? तुझंच नाव लिही. आणि नंबर देऊन जा.”

तिने नंबर दिला. मावशी अधूनमधून फोन करू लागल्या. कधी खोकल्याचं सांगायला, कधी नुसत्याच. मग शिंप्याचा फोन आला, मग आणखी दोघांचा. टँकर आला नाही तर कुठे तक्रार करायची, सुनावणी पुन्हा मागता येते का, असं ते विचारायचे. एका संध्याकाळी तर पाच-सहा जण मावशींच्या स्वयंपाकघरात तिची वाट पाहत बसले होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते एका छताखाली आले होते.

सहामाही अहवालात तिने लिहिलं: वसाहतीतले लोक आता संशोधिकेचं नाव सांगू लागले आहेत आणि एका ज्येष्ठ रहिवासी बाईंच्या घरी जमू लागले आहेत.

त्यानंतर काही आठवड्यांनी मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“अगं, अभिनंदन! परदेशातली शिष्यवृत्ती, तीही दोन वर्षांची. पुढच्याच महिन्यात निघायचंय.”

“पण मॅडम, मी अर्जच केला नव्हता.”

“कोणीतरी शिफारस केली असेल. लक्ष्मी टिळा लावायला आली, की तोंड धुवायला जाऊ नये.”

“माझा अहवाल कोणाकोणाकडे जातो?”

“नेहमीसारखाच, संकेतस्थळावर. का गं?”

तिने फोन ठेवला. रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी नकार कळवला, घरच्यांची बोलणी ऐकून घेतली आणि मावशींना सांगायला म्हणून बस पकडली. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

मावशींच्या दाराला कुलूप होतं. पडदे नीट ओढलेले होते.

शिंपी यंत्रावर वाकून काम करत होता. तिला पाहून त्याने पाय थांबवला.

“परवाच गेल्या. मुलाला अचानक बढती मिळाली, मोठं घर मिळालं. येऊन घेऊन गेला आईला.” त्याने दोरा दातांनी तोडला. “बरंच झालं म्हणायचं.”

“फोन नाही केला त्यांनी.”

“घाईत होत्या. रडत होत्या जरा.” त्याने कापडाची घडी उगाच सारखी केली. “तुम्हीही जाणार असं ऐकलं. परदेशात.”

हे तिने इथे कोणालाच सांगितलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी नकार दिलाय. कुठेही जात नाही मी. मावशींच्या घराशेजारची खोली भाड्यानं मिळाली तर बघतेय.”

शिंपी उठला. दारात येऊन त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्याने तिला हाताला धरून आत घेतलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि तिच्यासाठी स्टूल पुसत खालच्या आवाजात म्हणाला,

“बसा. पण हे मोठ्यानं बोलू नका.”