दार लावण्याआधीची नावं

मी दोन जनगणनांचं काम केलेली शिक्षिका. निवृत्त झाले तरी माणसं मोजायची खोड गेली नाही. मैलूरच्या आमच्या गल्लीत दाराबाहेरच्या चपला पाहून घरात कोण आहे आणि कोण रुसून माहेरी गेलंय, हे मी चहा पिता पिता सांगते. समोरच्या धुळाप्पाचं घर मात्र मला मोजावं लागत नसे. ते रोज स्वतःच मोजून दाखवत.

धुळाप्पाची माणसं करजगीकडची, मेंढरं राखणारी. मेंढरं विकली, धुळाप्पा बिदरात बांधकामावर लागला, पण वाडग्यात मेंढरं मोजून घ्यायची रीत घरात राहिली. संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्याची बायको तानुबाई दारात उभी राहून एकेकाचं नाव घेई. ज्याचं त्यानं "व्हय" म्हणायचं. सगळ्यांची ओ आली की कडी. एकाची राहिली तर दार उघडं. आणि दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही, हा त्यातला सगळ्यात कडक नियम.

त्यांचा थोरला, अनिलकुमार, नर्सिंग शिकून जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला गेला. तो निघाला त्या संध्याकाळीही तानुबाईनं सवयीनं त्याचं नाव घेतलं. दिवस डासांचे. तासभर दार उघडं. शेवटी धुळाप्पाच म्हणाला, "व्हय."

"तुम्ही कामून ओ दिलाव?"

"मग काय इमान उतरंपर्यंत डास पाळायलीस?"

कडी लागली. ओट्यावर बसून मी हसलेही.

दुसऱ्या दिवशी अनिलच्या नावाला पटकन ओ आली. त्यांची धाकटी, रेणू, माझ्याकडे आली. "बाई, अप्पा तर न्हाणीत होते." मी म्हटलं, गल्लीतलं कोणीतरी चेष्टा करत असेल. मग रोज कान देऊन ऐकू लागले. चपला तीन जोड, आवाज चार.

अनिलचा फोन रविवारी यायचा. रेणू मलाही बोलावून घेई.

"इथं रविवारी कुकरची शिट्टी चालत न्हाई, बाई. शेजारीण दाराला चिठ्ठी डकवून गेली."

"तोंडानं सांगायचं की."

"त्यासाठी बेल वाजवावी लागती. बेल वाजवायच्या आधी इचारावं लागतंय."

कचऱ्याचे चार डबे त्यानं पाढ्यांसारखे पाठ केले होते. संध्याकाळी थंड पाव खायचा, रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबायचं, तेही शिकला. एक गोष्ट मात्र जमेना. नोव्हेंबरात ती त्यानं चाचरत सांगितली. रोज दुपारी साडेतीनला त्याच्या तोंडून आपोआप "व्हय" निघायचं आणि पाय दाराकडे चालू लागायचे.

"परवा एका आजीला आंघोळीच्या टबात तसंच सोडून रस्त्यावर जाऊन उभारलो. भानच न्हाई. मोठ्या बाईनं ताकीद दिलीय. जानेवारीपर्यंत परीक्षेचा काळ हाय, नोकरी पक्की न्हाई. परत झालं तर घरी पाठवतेत." मग म्हणाला, "आता इथली घड्याळं तासभर मागं केलीत. तर आता अडीचला होतंय."

मी बोटांवर हिशेब केला. तिकडचे अडीच म्हणजे इकडचे सात.

त्याच दिवशी मी तानुबाईला म्हटलं, "बाहेरदेशी राहणाऱ्याला घरात मोजत नाहीत. मोजलं तर तो दोनदा मोजला जातो."

"मग त्याला तिथं कोण मोजायलंय?"

"तिथली माणसं."

"नाव घेऊन?"

धुळाप्पा खाली बघत म्हणाला, "चूक माझी हाय. पण नाव तूच घेतीस. सोड."

गुरुवारी तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, रेणूचं घेतलं, मग चौकट धरून उभी राहिली. ओठ हलले, आवाज काढला नाही. कडी लावली. लागल्यावर बंद दाराच्या बाहेरून, पायरीपासून, ओ आली. "व्हय." पायरी मला स्वच्छ दिसत होती. तिथं कोणी नव्हतं.

रविवारी अनिल खुशीत होता. "गुरुवारपासून काय झालं न्हाई. नुसतं कुठंतरी कडी लागल्यावानी वाजलं." जानेवारीत नोकरी पक्की झाली. हळूहळू त्याला गरम भाकरीची आठवणही येईना. परवा तर वरच्या मजल्यावरच्या नव्या पोराच्या दाराला यानंच चिठ्ठी डकवली म्हणे.

इकडे सातला न बोलावता ओ येतच राहिली. आधी त्यांच्या पायरीवरून, मग विजेच्या खांबापासून, मग गल्लीच्या मधून. रोज थोडी लांब. तानुबाई दाराला आतून तळवा लावून उभी राहते, असं रेणूनं सांगितलं. "आता पक्की झालीया की नोकरी," एवढंच म्हणते.

काल ती ओ माझ्या ओट्यापाशी आली. अगदी जवळ. कोणी नाव घ्यावं याची वाट बघणारा आवाज. कोणाचा ते मला ठाऊक होतं. नाव माझ्या जिभेवर होतं. मी माझ्या चपलांचा एकच जोड आत घेतला आणि दार लावलं.

तेवढ्यात समोरची कडी निघाल्याचं ऐकलं. फटीतून पाहिलं. तानुबाईनं दार सताड उघडलं होतं. नाव घेतलं नाही. नुसती बाजूला सरली, कोणाला तरी वाट द्यावी तशी. माझ्या ओट्यावरून पावलं उतरली, गल्ली ओलांडून गेली. तिनं कडी लावली.

समोर आत रेणूचा फोन वाजू लागला, रविवारी अनिलचा आला की वाजतो तसा. कामाच्या वेळी अनिल कधी फोन करत नाही. बराच वेळ वाजला. घरात आता सगळे होते, पण तो कोणीच उचलला नाही.